पेन्सिलनं भरलेला फॉर्म

दवाखान्यातल्या वळणावर तो शिकाऊ डॉक्टर मला धडकला आणि माझा चहा त्याच्या कागदांवर.

"डोळे आहेत की बटणं?"

"बटणं," तो कागद झटकत म्हणाला. "काचेच्या पेटीतल्या बाळाची मावशी ना? तुमच्याकडेच येत होतो."

असा राग आला... आणि त्याच्या पापण्या लांब आहेत, तेही दिसलं.

ताईचं बाळंतपण दुसरीकडे झालेलं, तिकडचे कागद आलेच नव्हते. म्हणून तो मला आणि माझ्या आईला विचारत बसला. किती आठवड्यांचं, वजन किती, ताईला ताप होता का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज मोठी आली, तर मेंदूची तपासणी आधी.

"ज्योतिषी का तुम्ही?"

"ज्योतिषी चुकला तर नवी पत्रिका मांडतो. मी चुकलो तर बाळ रांगेत मागे राहतं. जन्मल्यावर लगेच रडलं?"

"लगेच," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्यानं पेन्सिलनं खूण केली.

खोटं होतं ते. बाळंतपणाच्या खोलीबाहेर मीच उभी होते, रडणं कधी ऐकू येतं म्हणून घड्याळाकडे बघत. पाच मिनिटं. पण बाळावर अधूपणाचा शिक्का बसेल, ही आईची धास्ती.

गप्प बसता येत नाही म्हणून तर शाळेतली नोकरी सुटली माझी. तरी तासभर बसले. मग काचेतून बघितलं — बाळ ओठ हलवत होतं, चोखल्यासारखं. "भूक लागली असेल," ताई म्हणाली. पण ओठ थांबायचे, थोड्या वेळानं पुन्हा तस्संच. भूक अशी मोजूनमापून लागते?

मी जिन्यात त्याला गाठलं. "पाच मिनिटं रडलं नाही. आणि ओठ हलवतंय, थांबतंय, पुन्हा तस्संच."

त्यानं खूण खोडली. "म्हणूनच पेन्सिल. खरं उत्तर दुसऱ्यांदा येतं," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला.

दुपारी बाळाच्या डोक्याला तपासणीच्या तारा लावल्या. ओठांचं ते हलणं म्हणजे झटके होते, बाहेरून सहज न कळणारे. औषध लगेच सुरू झालं. आई माझ्याशी बोलेना. रात्री मात्र तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढे काय होईल?" मी त्याला विचारलं.

"माहीत नाही. वर्षभर दर महिन्याला दाखवायचं." त्यानं नवा फॉर्म काढला. "सोबत कोण येणार?"

"मावशी."

"दर वेळी?" कान लाल झाले होते त्याचे. "म्हणजे... हे फॉर्ममध्ये नाहीये."

मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"दर वेळी. पेननं लिही."