मध्यंतरात उठून गेलेला

धायरीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एका सोमवारी सकाळी एक राक्षस गरजला, आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांच्या झोपा उडाल्या.

तेजसच्या फोनमधून इअरफोनची पिन निसटली होती. स्क्रीनवर सात मजली यंत्रमानव हात उगारून उभा, आणि इकडे तेजस कावराबावरा. चालक रंगरावांनी आरशातून पाहत विचारलं, "साहेब, त्याचा पास काढलाय का?"

शेजारच्या सीटवरची स्पृहा खुदकन हसली. "स्क्रीनवरची ती मुलगी कुठं बसलीय? त्याच्या छातीत?"

"हाव. तीच चालवते त्याला. जपानी मालिका आहे," तेजस म्हणाला. "पण तिच्या मागं अजून एक सीट आहे. रिकामी. पट्ट्याला कुलूप. कोणाची सीट, ते कोणालाच माहीत नाही." त्यानं इअरफोनचं एक टोक पुढं केलं. "बघतेस?"

तिनं ते कानात घातलं.

मग दर सोमवारी नवा भाग, आणि एक इअरफोन दोघांत. नियम एकच – एकट्यानं पुढं बघायचं नाही. चांदणी चौकात बस अडकली की स्पृहाला पूर्वी वैताग यायचा. आता वाहतूक लवकर सुटली की यायचा. तेजस यवतमाळचा, धायरीत खोली घेऊन राहणारा. रागावला की "का" ऐवजी "काहून" म्हणायचा, आणि स्पृहा मुद्दाम त्याला रागावू द्यायची. ती गोपाळकृष्णबुवा कीर्तनकारांची मुलगी. रविवारी बाबांच्या मागं पेटीवर बसायची. "ज्याचं नाव बुवा घ्यायचं टाळतात ना, गोष्ट त्याचीच असते," ती सांगायची, आणि तो गंभीरपणे मान डोलवायचा.

अकरा भाग असे सरले. अकराव्याच्या शेवटी तेजस म्हणाला, "मला बंगळूरला बदली देतायत. पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय." आणि तो तिच्याकडे नुसता पाहत राहिला.

जाऊ नकोस... शब्द ओठांपर्यंत आले. पण बोलली काय, तर "रविवारी बाबांचं कीर्तन आहे. ये."

तिच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता.

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून खांबापाशी मांडी घालून बसला. बाबांनी अभंग लावला, निरूपण रंगलं, माणसं डोलली. मग बुवांना हार घातला गेला, बुक्क्याची डबी फिरली. तेजसनं कपाळ पुढं केलं, बुक्का लावून घेतला, भक्तिभावानं हात जोडले... आणि उठून चालू लागला.

स्पृहाचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. बाबांनी वळून पाहिलं. पुढचं सगळं आख्यान ती वाजवत होती, पण खांबापाशी सतरंजीचा तो तुकडा मोकळाच राहिला. काय ते कळलं, तिनं मनाशी म्हटलं.

सोमवारी नियमाप्रमाणं ती त्याच्या शेजारी बसली. शेवटचा भाग सुरू झाला. यंत्रमानव कोसळला. आत मिट्ट काळोख, ती मुलगी एकटी. तेवढ्यात मागच्या सीटचं कुलूप आपोआप उघडलं, आणि काळोखातून एक हात अलगद तिच्या खांद्यावर... स्क्रीन काळी झाली.

"संपलं?" तेजसनं फोन हलवून पाहिला. "हात कोणाचा? कुलूप काहून उघडलं? बारा आठवडे जीव लावला, आता म्हणतात पुढच्या वर्षी या."

"तुला काय फरक पडतो? तू अर्ध्यातूनच उठणारा."

"मी?"

"काल."

"काल तर पूर्ण ऐकलं ना मी. हार घातला, बुक्का लावला, मग उठलो."

स्पृहानं कानातलं टोक काढलं. "तेजस... ते मध्यंतर होतं."

"कीर्तनाला मध्यंतर असतं?"

"आधी पूर्वरंग. त्यात नुसता विषय मांडतात. खरी गोष्ट उत्तररंगात. हार घातला म्हणून कोणी घरी जात नाही."

"आमच्याकडं हार घातला की पुढाऱ्याचं भाषणसुद्धा संपते." त्याचा आवाज उतरला. "मी चपलांपाशी वीस मिनिटं उभा होतो. वाटलं, पेटी ठेवून येशील. आतून पुन्हा तबला सुरू झाला. म्हटलं, दुसरं काही लागलं, हिला बाहेर यायचंच नाही. मग बंगळूरला हो म्हणून मेल लिहिला."

"पाठवलास?"

"दुपारपर्यंत वेळ आहे."

बाहेर भुरभुर सुरू होती. बस वाकडच्या पुलाखाली अडकलेली. स्पृहानं इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"उत्तररंगात काय सांगतात?" त्यानं हळूच विचारलं.

"आधी जे नुसतं सुचवलं... ते उघड."

"मग सांग ना."

"जाऊ नकोस."

"काहून?"

"आवडतोस म्हणून. आता खाली बघ, रंगराव आरशातून बघतायत."

त्यानं खाली पाहिलं ते फोनमध्ये. मेल पुसला, नवा लिहिला – बदली नको – आणि तिच्यादेखत पाठवला. मग कान लाल करून म्हणाला, "दुसरा सीझन यायला वर्ष आहे. एकट्यानं वाट पाहायची नाही. नवा नियम."

"मंजूर," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मध्यंतर झालं, हार पडला, बुक्का फिरला. खांबापाशी तेजस पाय रोवून बसलेला. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "अरे, पाय मोकळे करून ये जरा."

"नको काकू. आरतीशिवाय उठत नाही मी."

पेटीवरची बोटं हसली.

आरतीनंतर तो पाया पडायला वाकला. बाबांनी त्याला निरखलं, मग लेकीला. "हा कोण गं?"

"मध्यंतरात उठून गेलेला," स्पृहा म्हणाली.

"अस्सं." बुवांनी गळ्यातला हार काढून त्याच्या हातात दिला. "म्हणजे गेल्या खेपेस ज्याच्यामुळं पेटीचा सूर चुकला, तो हाच."