चौथी खुंटी

"जांभई द्यायची तर तोंड मिटून दे!" मोजपट्टीने दटावलं.

"तोंड मिटून जांभई कुणाला येते?" भोंगा कुजबुजला. त्याचं कुजबुजणंसुद्धा पार दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाणारं! उगाच नाही त्याला भोंगा म्हणत. हा मोजपट्टीचा धाकटा भाऊ. आणि मोजपट्टी म्हणजे सातवीतली, खिशात सदा गुंडाळीचा टेप बाळगणारी, उंबऱ्यापासून स्वतःच्या वेणीपर्यंत सगळं मोजून ठेवणारी मुलगी. तिसरा भिडू शेजारचा पाठांतर. एकदा वाचलेलं त्याला विसरताच येत नसे, बिचाऱ्याला!

पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि तिघं जिन्याखाली दबा धरून बसले होते. समोर वसाहतीची बाग. सुट्टी लागल्यापासून तिथली हिरवळ रोज सकाळी पाण्याने डबडबलेली असायची आणि ते पाणी फाटकाखालून थेट रस्त्यावर वाहायचं. नगरपालिकेच्या दोन नोटिसा येऊन गेल्या होत्या.

"बागांसाठीचे नियम, कलम नऊ," पाठांतरने सुरुवात केली. "'फवारे आठवड्यातून दोनदाच, तेही सकाळी सातच्या आत. पाणी रस्त्यावर आल्यास तिसऱ्या नोटिशीनंतर बागेची पाण्याची जोडणी...'"

"'तोडण्यात येईल!' कळलं रे! आता गप!"

तेवढ्यात सुर्रर्र करत सगळे फवारे एकदम उडाले. आणि फाटकातून कोण यावं? माळीकाका! त्यांची वेळ सातची. पण ते झपाझप भिंतीजवळच्या खड्ड्याशी गेले, गुडघ्यावर बसले आणि आतल्या पाण्याच्या कॉकवर हात घातला. मोजपट्टीने आईचा फोन काढून धडाधड तीन फोटो टिपले.

"रंगेहाथ!" भोंग्याला राहवलंच नाही.

माळीकाका दचकून वळले. "अगं पोरी, थांब! इकडे ये जरा!"

थांबतंय कोण! तिघं जिना चढून पसार झाले.

नऊ वाजता मोजपट्टी सेक्रेटरीकाकांच्या दारात हजर होती. तीन फोटोंतला पहिला सगळ्यात झकास आला होता. फवारे उंचच उंच, माळीकाकांचा हात कॉकवर. तिने तोच दाखवला.

"वा! याला म्हणतात पुरावा!" सेक्रेटरीकाकांनी तिची पाठ थोपटली. "तरी मी म्हणत होतो, हा माणूस निष्काळजी आहे!"

मोजपट्टीचे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत. खाली सूचनांच्या फळ्यावर तिने स्वतःच्या हाताने कागद लावला. 'डबक्याची लांबी चार मीटर दहा सेंटीमीटर. पाण्याचा चोर सापडला! चोर: माळीकाका.' शेवटचे दोन शब्द लाल शाईत, ठळक.

दुपारी माळीकाकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

"साहेब, मी तो बंद करायला..."

"फोटो खोटं बोलतो काय?" सेक्रेटरीकाका खेकसले.

काकांनी खुरपं आणि कात्री पिशवीत घातली. फळ्यापाशी ते क्षणभर थांबले, कागद वाचला. मग कोपऱ्यातल्या लहान रोपाची सैल झालेली दोरी त्यांनी पुन्हा नीट बांधली आणि ते निघून गेले. मोजपट्टी गॅलरीतून बघत होती. रोपाची दोरी का बांधली असेल, हे तिला कळेना. पाणी वाया घालवणारा माणूस असं करतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली हा गलका! पाणी आज रस्त्याच्या पलीकडच्या कडेला टेकलं होतं. पेपरवाला सायकलसकट घसरून पडला होता आणि तोंडाला येईल ते बोलत होता.

"चोराला तर घालवलं!" भोंगा डोळे फाडून म्हणाला. "मग हे कुणी केलं?"

मोजपट्टीने धावत जाऊन आईचा फोन आणला. तिने फोन उघडला. पहिल्या फोटोत फवारे माणसाच्या डोक्याएवढे. दुसऱ्यात कमरेएवढे. तिसऱ्यात नुसते थेंब. तीन फोटोंत मिळून जेमतेम पाऊण मिनिट गेलं असेल.

"अरे," ती कशीबशी म्हणाली, "काका सोडत नव्हते रे पाणी. बंद करत होते! रोज पहाटे येऊन बंद करत होते!"

"मग परत सुरू कसं व्हायचं?" पाठांतरने विचारलं.

"झुडपांची ठिबक त्याच कॉकवर आहे ना! रात्रभर ती चालते, म्हणून तो उघडा ठेवावाच लागतो. आणि पहाट झाली की फवारे आपले आपोआप..."

आपोआप! तिघांनी एकदम भिंतीवरच्या करड्या पेटीकडे पाहिलं. फवारे चालवणारं यंत्र तिच्यात होतं. किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. माळीकाकांना तर पेटीला हात लावायची सक्त मनाई होती!

सेक्रेटरीकाका विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून आलेच होते. त्यांनी पेटी उघडली. आतल्या पडद्यावर अक्षरं चमकत होती. 'माती: कोरडी.'

"कोरडी?" भोंगा ओरडला. "इथे बेडूक पोहायला लागतील!"

पाठांतर झाकणामागची माहिती घडाघडा वाचू लागला. "'ओलावा मोजणारी बिनतारी खुंटी. माती कोरडी असल्यास फवारे सुरू होतील, ओली असल्यास होणार नाहीत. खुंटी हिरवळीत, कडेपासून तीन मीटरवर ठोकावी. दर आठवड्याला जागेवर आहे ना ते तपासून वहीत सही करावी.'"

"पुरे पुरे!" सेक्रेटरीकाकांनी पेटी धाडकन लावली. "दहाला नगरपालिकेच्या निरीक्षक बाई येताहेत. तुझा फोटो दाखवू, माळ्यालाही काढून टाकलंय, विषय संपला!" आणि ते पाय धुवायला गेले.

पण झाकणावरचं चित्र मोजपट्टीने पाहिलं होतं. लांबट काळी खुंटी, वर हिरवी टोपी. तिने टेप लावला. एक मीटर, दोन, तीन. तिथे बोटभर रुंद भोक होतं, पाण्याने भरलेलं. खुंटी नव्हती.

"खुंटीचोर!" भोंग्याला नवा हुरूप आला. "चला, शोधू या!"

"तुम्ही फाटकाकडे बघा. मी छपराकडे जाते," मोजपट्टी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

शोधायचं काय होतं! तिला सगळं माहीत होतं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सायकलींच्या पत्र्याच्या छपराखाली तंबू ठोकताना एक खुंटी कमी पडली होती. हिरवळीत तिला एक दिसली. कुणीतरी विसरलेली असेल, असं म्हणून तिने ती उपटून आणली होती. कुणाला विचारलंसुद्धा नाही! आता ती तंबूच्या चौथ्या कोपऱ्यात उभी होती, काळी, हिरव्या टोपीची. पत्र्याखालची ती माती वर्षभर ठणठणीत कोरडी. खुंटी बिचारी खरं तेच सांगत होती.

मोजपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी वाचवणाऱ्या टोळीची ही म्होरकी! डबकं मोजायला आली होती, आणि ते डबकं हिनेच केलं होतं!

तिने खुंटी उपटली, फ्रॉकला पुसली. मग एक विचार आला. जाऊन गुपचूप भोकात घातली तर? उद्यापासून फवारे बंद. कुणाला काही कळणारसुद्धा नाही. सेक्रेटरीकाकांची शाब्बासकी आपल्याकडे, आणि चोर म्हणून माळीकाकांचं नाव फळ्यावर.

ती हिरवळीपर्यंत गेलीसुद्धा. वाकली. कोपऱ्यातलं ते रोप तिच्या डोळ्यांसमोरच होतं, नव्या गाठीत नीट उभं. तिला रडूच कोसळलं.

"ताई!" भोंगा धावत आला, आणि तिच्या हातातली खुंटी बघून जागच्या जागी थबकला. मागून पाठांतर आला.

"सांगायचं का गं?" भोंग्याने विचारलं. जन्मात पहिल्यांदा तो खरोखर कुजबुजला होता.

"सांगायचं," मोजपट्टीने नाक पुसलं. "पण माळीकाकांसमोर. तुम्ही दोघं पळा आणि त्यांना घेऊन या. मी इथेच थांबते. मी घरात गेले तर परत खाली येणार नाही, मला माहितीये."

दहाला निरीक्षक बाई आल्या. उंच, चष्मा, पायात गमबूट. सेक्रेटरीकाकांची टकळी सुरूच होती. "बाई, आमचं सगळं नियमानुसार! घोटाळा माळ्याचा. आमच्या या हुशार मुलीने फोटो काढलाय. दाखव गं!"

फाटकातून भोंगा आणि पाठांतर माळीकाकांना घेऊन येत होते. मोजपट्टीने खुंटीचा हात पाठीमागे नेला.

"सेक्रेटरीकाका, आधी एक विचारू?" ती म्हणाली. "ओलावा मोजणारी खुंटी तुम्ही दर आठवड्याला तपासता ना?"

"म्हणजे काय! दर सोमवारी!" सेक्रेटरीकाकांनी ऐटीत वही पुढे केली. "ही बघा बाई, 'खुंटी जागेवर आहे.' कालच्या सोमवारचीसुद्धा सही आहे!"

मोजपट्टीने पाठीमागचा हात पुढे केला. "मग ही तीन आठवडे माझ्या तंबूला कशी होती?"

सेक्रेटरीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. वही मिटायची की लपवायची, हेच त्यांना सुचेना.

"ही मी उपटली," मोजपट्टी म्हणाली. आता थांबलं तर बोलताच येणार नाही, म्हणून ती बोलतच सुटली. "मला वाटलं तंबूची आहे. पाणी माझ्यामुळे गेलं. माळीकाका रोज लवकर येऊन ते बंद करत होते. माझ्याकडे तीन फोटो होते, मी एकच दाखवला. त्यांना चोर मी म्हटलं."

निरीक्षक बाईंनी तिन्ही फोटो पाहिले. वही पाहिली. मग सेक्रेटरीकाकांकडे असं पाहिलं की ते अंग चोरून उभे राहिले.

"न बघता सही करणं म्हणजे काय, ते आपण कार्यालयात बोलू," बाई म्हणाल्या. "आधी यांची माफी मागा. पेटीची किल्लीही यांच्याकडेच द्या. ज्याला माती कळते, त्याच्या हातात ती हवी. शिवाय हिरवळ बागेच्या एक चतुर्थांशाहून जास्त दिसतेय!"

"कलम चार!" पाठांतरच्या तोंडून निसटलं.

"बरोबर! महिनाभरात ती कमी करून कमी पाण्याची झुडपं लावा. तोवर तिसरी नोटीस थांबवते." मग त्या मोजपट्टीकडे वळल्या. "आणि तू! इतकं धीट बोलणं मोठ्यांनाही जमत नाही. शाब्बास!"

कालची शाब्बासकी कशी गोड लागली होती! आजची अंगाला टोचत होती. मोजपट्टी खाली मान घालून माळीकाकांसमोर उभी राहिली.

"काका, चुकलं माझं."

"खुंटीचं एवढं काही नाही," काका म्हणाले. "माझ्याही लक्षात आलं नाही ते. पण काल मी तुला हाक मारली होती."

"हो."

"ऐकू आली होती?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! "आली होती," मोजपट्टी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

काकांनी ते पाहिलं, पण 'असू दे' म्हणाले नाहीत. "काढ तुझा टेप," एवढंच म्हणाले. "तीन मीटर. आणि यापुढे सोमवारी माझ्याबरोबर तू तपासायची. आधी मातीत बोट घालून बघायचं, मग पडदा वाचायचा."

दोघांनी मिळून खुंटी ठोकली. पेटीतली अक्षरं बदलली. 'माती: ओली.'

मोजपट्टी तशाच चिखलाच्या हातांनी फळ्यापाशी गेली. जुना कागद काढून तिने नवा लावला आणि लाल पेन उघडलं.

"काय लिहितेस?" भोंग्याने विचारलं.

"'माळीकाका पाणी बंद करत होते. चूक माझी होती.' आणि खाली माझं पूर्ण नाव."

"बारीक अक्षरात लिही ना ताई. सगळे वाचतील!"

मोजपट्टीने जुन्या कागदावरच्या 'माळीकाका' या लाल अक्षरांना टेप लावला. उंची सहा सेंटीमीटर. मग पट्टीने नव्या कागदावर रेघा मारल्या, बरोब्बर तेवढ्याच अंतरावर, आणि ती लिहायला लागली.