त्या बाजारातून आणलेलं कार्ड

वीज जाईल आता. जाऊ दे, कंदील मी आधीच लावून ठेवलाय. तुम्ही शेगडीजवळ सरका. हे मोठ्याने सांगायला मला जमत नाही.

मी घरी बसून छापखान्यासाठी मजकूर जुळवते. लग्नपत्रिका थोड्या, भिंतींवर चिकटवायच्या मृत्यूच्या सूचनाच जास्त. आमच्याकडे, सीरियातल्या होम्समध्ये, माणूस गेला की दफनाआधी त्याचं नाव चौकाचौकात लागावं लागतं, त्यामुळे हे काम उद्यावर ढकलता येत नाही. माझा नवरा वस्फी शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. त्याचा पगार पावालासुद्धा पुरत नाही. घर चालायचं ते माझ्या कॉम्प्युटरवर, आणि तो आमच्या लग्नाच्या वेळचा.

त्या हिवाळ्यात पडद्यावर आधी हिरवे ठिपके आले, मग उभ्या पट्ट्या, आणि एका सकाळी काहीच नाही. आतला पंखा फिरत होता, खोक्यातून पिप् पिप् आवाज येत होता, पण पडदा काळा. वस्फीने झाकण काढलं, वाकून पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ग्राफिक्स कार्ड गेलं. जळालंय."

"त्याच्याशिवाय नाही चालत?"

"चालतो की. नुसता आंधळा झालाय. सगळं करतो, दाखवत काही नाही."

"मग नवं आण."

"नवं याच्यात बसत नाही. बसवलं तरी एवढी वीज याला झेपायची नाही. जुनंच हवं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिकडे मिळेल."

तिकडे म्हणजे कुठे, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. लढाईत ज्या वस्त्या रिकाम्या झाल्या तिथलं सामान त्या बाजारात यायचं. दारं, नळ, भिंतीतून उपसलेल्या तारा, आत कुणाचा तरी मोजा राहिलेली वॉशिंग मशीन. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. माझ्या सासूबाई त्या रस्त्यानेसुद्धा जात नसत. आमच्या घरात तिथला चमचाही आलेला नव्हता.

वस्फी दारात घुटमळला. त्याला वाटलं असावं, मी नको म्हणेन. मी म्हटलं, "लवकर जा, नाहीतर चांगलं ते उचललं जाईल."

माझे शब्द होते हे. त्याचे नव्हेत.

तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड घेऊन आला. सासूबाई कोपऱ्यात धातूच्या नळीने मते, आमच्याकडचा तो कडवट पाल्याचा चहा, पीत बसल्या होत्या.

"कुठून आणलंस?"

"दुकानातून, आई."

त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी खोक्यातली धूळ पुसायला घेतली.

कार्डाच्या पंख्यात एक केस अडकला होता. लांब, तांबूस. आसाभोवती इतका घट्ट गुंडाळलेला की वस्फी चिमट्याने ओढत राहिला आणि तो येतच राहिला.

"मांजराचा असेल," मी म्हटलं.

"असेल. आज बुधवार आहे. होम्सच्या माणसाचं डोकं बुधवारी चालत नाही, मांजरांचे केसही हातभर वाढतात."

होम्सवरच्या या जुन्या विनोदावर आम्ही हसलो. मग एकदमच थांबलो.

त्याने कार्ड खाचेत दाबलं, स्क्रू पिळला, वायर लावली. पडदा उजळला. आधीपेक्षा कितीतरी छान. ते रंग बघून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी मी एका शिंपीणबाईची सूचना जुळवत होते. बाहेर ऊन होतं. नेहमीसारखी वीज गेली, पंखे घरघरत बंद पडले, पडदा काळा झाला. अशा वेळी काचेत माझा चेहरा दिसतो, मागे आमचं कपाट दिसतं. माझा चेहरा दिसलाही. पण मागे कपाट नव्हतं.

मागे खिडकी होती. आमच्या त्या भिंतीला खिडकी नाही. खिडकीला पिवळा पडदा, पलीकडे एका गच्चीवर हिरव्या खांबांवर उभं कबुतरांचं खुराडं. खिडकीखाली जमिनीवर गाद्या, आणि गाद्यांवर माणसं. एक बाई, एक पुरुष, एक लहान मुलगी. ती सगळी माझ्या पाठीकडे बघत होती.

मी झटकन वळले. मागे आमचं कपाट होतं. पुन्हा काचेत पाहिलं. ती होती.

बाई उठली. मला वाटलं, आता ओरडेल, माझे केस धरेल. ती आत गेली आणि ट्रे घेऊन आली. माझ्या उजव्या हाताशी वाकून तिने एक कप ठेवला. ओठ हलले, आवाज नाही. पाहुण्याला घ्या म्हणताना आपण हलवतो तसे. माझ्या उजव्या हाताशी टेबल रिकामं होतं... पण वेलची घातलेल्या कॉफीचा वास आला. ताज्या, आत्ताच उकळी आलेल्या.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. वाटली. पण त्याहून जास्त दुसरं काहीतरी वाटलं. माझी मान खाली गेली ती वर येईना. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

मी कुणाला बोलले नाही. काम तर करायचंच होतं. वीज गेली की डोळे मिटून उठायचं, असं ठरवलं. पण डोळे किती मिटणार? रोज ती तशीच. रोज कॉफी. मुलगी मात्र हळूहळू जवळ येऊ लागली. खुर्चीच्या मागे उभी राहायची, हात मागे बांधून. तिच्या लांब, तांबूस केसांची एका बाजूची बट तुटलेली होती. आधी मला कळेना ती काय बघते. मग कळलं. कॉम्प्युटरवर बसायला आपला नंबर कधी लागतो याची ती वाट बघत होती.

एका दुपारी सासूबाई माझ्या मागेच मते घेऊन बसल्या होत्या. वीज गेली. त्यांच्या कपातल्या नळीचा गुरगुर आवाज थांबला.

"रुदैना... ही कुणाची खोली?"

मी डोळे मिटून घेतले.

"ती बाई तुझ्याजवळ कप ठेवतेय, पोरी... घे तरी म्हण, नको तरी म्हण..."

मला रडू फुटलं. वस्फी आतून धावत आला. सासूबाईंनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि फार हळू विचारलं, "कुठून आणलंस?"

"सगळं शहर तिथूनच घेतं, आई."

"शहराला कुणी घरात बसवून कॉफी देत नाहीये. माझ्या सुनेला देतंय."

संध्याकाळ व्हायच्या आत वस्फीने कार्ड काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते घेऊन त्या बाजारात गेलो. विकणारा शेगडीवर हात शेकत होता.

"परत घेत नाही, ताई."

"परत करायचं नाही. कुठल्या घरातलं आहे ते सांगा."

तो हसला. "ढिगाऱ्याला पत्ता असतो होय?" मग माझं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. आजूबाजूला बघत तो पुटपुटला, "रुळांपलीकडचा माल होता तो. पण जाऊ नका. काय उरलंय तिथे?"

आम्ही गेलो. वस्फीने कार्ड भाजीच्या पिशवीत घेतलं होतं. त्या गल्ल्यांमध्ये आवाज नव्हता. खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेलेल्या, घरं डोळे काढल्यासारखी. कुठे ओल्या चुन्याचा वास, कुठे मांजर मेल्याचा. मी फक्त गच्च्या बघत चालले होते. एका वळणावर कबुतरं घिरट्या घालताना दिसली आणि त्यांच्याखाली हिरवे खांब.

गच्चीवरून एक म्हातारा वाकला. "कोण आहे? चोर असाल तर उशीर केलात. आता नुसत्या भिंती आहेत."

"चोर नाही, चाचा," वस्फी म्हणाला आणि त्याने हात पाठीमागे नेला. हातात पिशवी होती ना.

म्हाताऱ्याचं नाव अबू रातिब. वस्तीत परतलेला तो आणि त्याची कबुतरं, एवढेच. मी समोरच्या घराकडे बोट दाखवून कोण राहायचं विचारलं. तो खाली आला, आम्हाला आत घेऊन गेला. फरशा उपटलेल्या, तारा ओढून काढल्याने भिंतींवर लांब ओरखडे. पण खोली तीच. मी खिडकीकडे पाठ करून जिथे उभी राहिले तिथे भिंतीवर टेबलाच्या कडेची काळपट रेघ होती.

"देव त्यांना शांती देवो," मी म्हटलं.

"कुणाला?" म्हाताऱ्याने भुवया चढवल्या. "अगं, जिवंत आहेत ती. तिघंही. तुर्कस्तानात, मर्सिनला. सिद्राची आई, उम्म सिद्रा, दर शुक्रवारी कबुतरांची चौकशी करते."

आणि मी काही म्हणायच्या आत त्याने फोन लावलासुद्धा. पडद्यावर तीच बाई आली. थोडी वाळलेली, डोक्याला निळा रुमाल. वस्फीने पिशवी पुढे केली. मी कसंबसं सांगितलं, तुमच्या घरातलं हे आमच्याकडे आलं, परत ठेवायला आलोय. आमच्याकडे आलं, म्हणाले. आम्ही घेतलं, म्हणायला जीभ वळली नाही.

"ठेव तुझ्याकडेच, बाई," ती म्हणाली. "दारं गेली, नळ गेले, त्याचं काय घेऊन बसलीस. मी माफ केलं. तुला हलाल आहे ते." मग ती फोनजवळ सरकली. "जरा बाजूला वळ बघू... पूर्ण वळ. पाठ दाखव."

मी वळले. मग तिने कुणालातरी हाक मारली आणि लहान मुलीचा आवाज आला, "आई, हीच ती. रोज माझ्या कॉम्प्युटरवर बसते."

उम्म सिद्राचा आवाज कुजबुजल्यासारखा झाला. "दुपारी डोळा लागला की आम्ही आपल्या घरी जातो, बाई. तिघंही. आणि तिथे एक बाई पाठ करून बसलेली असते. पाहुणी म्हणून कॉफी देतो. कोण तुम्ही, काय हवंय, विचारतो... ती मानच खाली घालते. सिद्रा घाबरते तिला."

इतके दिवस मी त्यांना घाबरत होते.

कार्ड आम्ही तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. वस्फी माझा हात धरून मला बाहेर घेऊन आला. कॉम्प्युटर आता चादरीखाली आहे. सूचना मी छापखान्यात जाऊन त्यांच्या मशीनवर जुळवते, वाटेत अर्धा वेळ जातो. वीज गेली की तिथला पडदाही काळा होतो, आणि त्यात छापखानाच दिसतो. मला वाटलं, सुटले.

गेल्या आठवड्यात उम्म सिद्राचा आवाजी निरोप आला. रागाचा नव्हता. काळजीचाच होता.

"पोरी, कार्ड ठेवून गेलीस, अबू रातिबने सांगितलं. पण तू स्वतः कधी उठणार आहेस? तशीच बसून असतेस. थंडी पडलीय... म्हणून काल आम्ही तुझं अंथरूण घातलं. माझी लोकरीची रजाई आहे, ती दिली आहे. आता तरी पड जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मला जाग आली. शेगडी विझलेली होती, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलं होतं. वस्फीला ओढून घ्यायची सवय आहे, आमचं पांघरूण सगळंच्या सगळं त्याच्या अंगावर होतं.

मी मात्र खांद्यापर्यंत उबदार होते.