लाल रेघेखालची पिवळी

“बाबा, ह्यांना पकडून नेलंय. काहीही करा, पण ह्यांना सोडवा.”

मुलीच्या फोनने मास्तरांचं धाबं दणाणलं. चाळीस वर्षं ट्रकची चाकं बसवलेला माणूस, तसाच उठून ठाण्यात गेला. काल उतारावर एका ट्रकचं चाक निखळलं आणि ड्रायव्हर जागीच गेला. चाक बसवलं होतं जावयाच्या गॅरेजात.

फौजदारांनी ट्रे पुढे सरकवला. त्यात तुटलेल्या बोल्टांसकट चार नट होते.

“या रेघा कसल्या?”

“आमच्या गॅरेजची रीत. नट आवळला की बोल्टाच्या टोकावरून नटावर पिवळी रेघ. अडॅप्टर, म्हणजे चाकामागची लोखंडी चकती, नवा असला की शंभर किलोमीटरनंतर गाडी परत बोलवायची, नट पुन्हा आवळायचे आणि लाल रेघ मारायची.”

“लाल आहे की. मग बोल्ट तुटले कसे?”

मास्तरांनी नट उजेडात धरला. लाल रेघ नेमकी पिवळीवर बसली होती. बोल्टाच्या टोकाशी जाड, कडेला निमुळती. मग आवारातल्या ट्रकची बाकीची पाच चाकं त्यांनी वाकून पाहिली. तिथे पिवळी रेघ तुटून सरकलेली, आणि लाल रेघ कडेला जाड. मास्तरांनी जावयाला भेटायची परवानगी मागितली.

कोठडीत जावई कंबर धरून बसला होता.

“लाल रेघ कोणी मारली?”

“मीच.”

“त्याआधी नट किती फिरला?”

“थोडा फिरला की, बाबा.”

“खोटं बोलताय, जावईबापू.”

आता मास्तरांना इकडे आड, तिकडे विहीर. तरी मास्तर फौजदारांना घेऊन गॅरेजात गेले. मुलगी धावतच पुढे आली.

“नवा अडॅप्टर गाडी धावली की अजून बसतो,” मास्तर म्हणाले. “पुन्हा आवळताना नट थोडा तरी फिरतो आणि पिवळी रेघ तुटते. या चाकाची तुटली नाही. म्हणजे पाना लागलाच नाही, नुसती रेघ मारली. चाक ढिलं पडलं आणि बोल्ट तुटले.”

“कोणी मारली?” फौजदारांनी विचारलं.

“रेघ जिथून सुरू होते तिथे जाड असते. जावई कडेकडून आत ओढतात. आतून बाहेर ओढायला मी एकीलाच शिकवलं. आठ वर्षांची होती तेव्हा.”

मुलगी कडेच्या टायरवर बसली.

“शेवटचं चाक राहिलं आणि ह्यांची पाठ धरली. ह्यांना घरात नेऊन निजवलं. मला पाना हलेना, ड्रायव्हर घाई करत होता. वाटलं, ह्यांनी आवळलेला नट कधी ढिला निघालाय?”

“तू म्हणालीस, ह्यांना सोडवा. सुटतील आता.” पोरीला आपणच अडकवलं, हे मास्तरांना सहन होत नव्हतं.

ती उठली. लाल रंगाच्या डब्याला झाकण घट्ट लावलं, लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं तसं, आणि फौजदारांच्या पुढे चालू लागली.