तो बॉम्ब नव्हता!

बुधूला वनखात्याच्या कोठडीतून सोडवायचं, तर आभाळातून पडलेला गोटा शोधायलाच हवा होता. त्याची लेक रुखमा आणि पुतण्या प्रफुल्ल उजाडताच जंगलात शिरले.

परवा रात्री दोघं माळ्यावर बसून धान राखत होती. एकाएकी सगळं शेत लख्ख उजळलं! हिरवट आगीचा लोळ टेकडीवर आला, फुटला आणि त्याचे तुकडे लाल होत विझले. जरा वेळानं असा दणका झाला की माळा थरथरला. वनरक्षकांना वाटलं, कुणीतरी रानडुकरं मारायला बॉम्ब ठेवला. जंगलातून घरी येणारा बुधू त्यांना आयताच सापडला!

"मी सांगतो ना साहेबाले," प्रफुल्ल म्हणाला होता, "आपन दोघायनं पाह्यलं." रुखमाची सगळी भिस्त त्या शब्दावर होती.

टेकडीमागचा बांबू दाट, वाकून सरपटतच पुढं जावं लागत होतं. समोर वारूळ, आणि वारुळाशी पिल्लासोबत अस्वलीण! दोघं जागीच थिजली. ती फुरफुरली. दोन पायांवर उठली. मग कोण जाणे काय वाटलं, पिल्लामागं निघून गेली. तिनं उकरलेल्या मातीशेजारीच पडला होता काळा, जळका, भलताच जड गोटा!

परतताना नाला फुगलेला. मधोमध प्रफुल्लचा पाय सुटला.

"रुखमे! धर मले!"

तिच्या एका हातात गोटा, दुसऱ्यात वेल. तिनं गोटा सोडला. त्याचं मनगट धरलं. ओढलं! पुन्हा ओढलं!

"जाऊ दे गोटा," काठावर धापा टाकत ती म्हणाली, "तू हायेस ना सांगाले."

निथळत दोघं वनखात्याच्या नाक्यावर वनपालापुढं येऊन उभी राहिली. पण प्रफुल्लला मोहर्लीत जंगलसफारीच्या गाइडचं काम हवं होतं. वनखात्याशी वाकडं घ्यायची त्याची छाती होईना.

"मी काई नाई पाह्यलं साहेब. त्या राती घरीच निजलो होतो."

सख्ख्या भावासारखा हा! रुखमाचा संताप उसळला.

"मंग आज नाल्यापल्याड तो आभाळातला गोटा कायले धुंडून राह्यला होतास रे माह्यासंग?"

वनपालानं त्याच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं.

"म्हणजे पाहिलंस तू. बॉम्ब नव्हताच तो," वनपाल म्हणाला आणि त्यानं कोठडीची कडी काढली.

बुधू बाहेर आला. पुतण्याला पाहून त्याचे डोळे भरले.

"तूनंच सांगतलं न रे पोरा?" त्यानं प्रफुल्लला छातीशी धरलं.

प्रफुल्लनं रुखमाची नजर चुकवली आणि हो म्हणून मान हलवली.