जतच्या उन्हाचा टेम्पो

साल शहाण्णव. साताऱ्यात त्या श्रावणात पाऊस असा मुक्कामाला बसला, की सव्वीस दिवस अजिंक्यतारा कुणाला दिसलाच नाही. किल्ला जागेवर आहे की वाहून गेला, यावर रिटायर फौजी मंडळींत पैजा लागल्या होत्या. पोस्टमन पाकिटं आधी तव्यावर शेकायचा आणि मग वाटायचा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पण गंगाधरअण्णांच्या लाँड्रीत आषाढात धुतलेली चादर श्रावणातही ओलीच होती, हे मात्र देवाशपथ खरं.

अण्णांची लेक अबोली बावीस वर्षांची. दुकान तीच बघायची. शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर शर्ट वाळवावेत, तर कचेरीतल्या साहेबांच्या अंगाला धुराचा वास. छपराखाली दोऱ्या बांधाव्यात, तर वारा दुष्मन! त्या सकाळी वाऱ्यानं एक भली मोठी चादर हिसकली, रस्त्यावर उडवली आणि येणाऱ्या टेम्पोच्या काचेवर धप्पकन चिकटवली.

टेम्पो कर्रकन थांबला.

"साताऱ्यात माणसाला आंधळं करून लुटत्यात व्हय?" चादरीमागून आवाज आला.

चादर बाजूला झाली. डोक्यावरून काळं घोंगडं, मिशीवर थेंब, डोळ्यांत हसू... अबोलीच्या हातातले चिमटे एकेक करून खाली पडले.

"लुटायला तुमच्याकडे आहे तरी काय?" ती कशीबशी म्हणाली.

"ऊन हाय," तो म्हणाला. "लय हाय."

तो मल्हार, जतचा. सोमवारी आणि गुरुवारी ज्वारीची पोती घेऊन यायचा आणि रिकामा परत जायचा.

"आमच्याकडं ढग येत्यात, खाली बघत्यात, आन् तसंच म्होरं जात्यात," तो म्हणाला. "द्या तुमची कापडं. सोमवारी न्हेतो, गुरुवारी वाळवून आणतो."

"कपडे वाळवायला जतला?" अण्णांनी कपाळावर हात मारला. पण दुकानात ओल्या चादरींचा ढीग छताला टेकला होता. काय करतात? गाठोडी टेम्पोत चढली.

गुरुवारी ती परत आली, आणि अबोलीनं पहिली गाठ सोडली मात्र... भप्पकन ऊन बाहेर आलं! समोरच्या हॉटेलातलं ओलं मांजर धावत येऊन गाठोड्यावर बसलं. शर्ट न्यायला आलेल्या एका मामलेदारांना घाम फुटला आणि त्यांनी पंखा लावायला सांगितला.

मग काय, दर सोमवारी आणि गुरुवारी अबोलीची वेणी नव्यानं घातलेली असायची. अण्णांना वाटायचं, धंदा वाढला म्हणून पोर खुशीत आहे.

एकदा ती कपड्यांच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या खुणा घालत होती. मल्हार उगाच रेंगाळला.

"ह्या खुणा कशाला म्हणायच्या?"

"माल कुठंही गेला, तरी फिरून आमच्याच दुकानात यावा म्हणून."

मल्हारनं अंगावरच्या घोंगड्याचा कोपरा पुढे केला. "मग ह्याच्यावर बी घाला की."

"काळ्यावर काळी खूण दिसेल का?" अबोली हसली. मग इकडेतिकडे बघून तिनं सुई घेतली आणि कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे तीन टाके घातले. नजर सुईवर कमी आणि मल्हारवर जास्त होती, म्हणून मधला टाका वाकडा आला.

आणि नेमकं तेव्हाच ते यंत्र आलं.

शेजारच्या कॅप्टन मानसिंगांच्या मुलानं बोटीवरून पाठवलेलं. पांढरं, कपाटाएवढं, पोटाला गोल काच. ओले कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं. अर्ध्या तासात कडक वाळून बाहेर!

"पंधरा दिवस वापरून बघ, गंगाधर," कॅप्टन म्हणाले. "पटलं तर ठेव."

अण्णा त्या यंत्राभोवती लहान मुलासारखे फिरले. "अबोले, आता त्या जतच्या गड्याला सांग, पुन्हा यायचं कारण नाही!"

अबोलीनं यंत्राकडे पाहिलं. सवतीकडे बघावं, तसं.

गुरुवारी मल्हार आला तो नखशिखांत भिजून. अण्णा मंडईत गेले होते. यंत्र गुरगुरत होतं. त्यानं सगळं ओळखलं.

"म्हंजे, आता माझं ऊन नगं."

"मी कुठं तसं म्हणाले?"

"मग काय म्हणताय?"

अबोली घाईघाईनं म्हणाली, "ते घोंगडं द्या इकडे. अर्ध्या तासात वाळवून देते."

अर्धा तास! तो आणखी अर्धा तास थांबेल... तिच्या डोक्यात तेवढंच होतं. यंत्राच्या दारावर मेंढीचं चित्र होतं आणि त्यावर मोठी फुली. अबोलीला वाटलं, मेंढरं आत कोंबू नका म्हणून असेल. तिनं घोंगडं कोंबलं.

दोघं काचेसमोरच्या बाकावर बसले. घोंगडं आत गरगर फिरत होतं, लाल टाके मधूनच चमकत होते.

"सोमवारी... येणार?"

"कशाला यिऊ? कारण सांगा की."

"ज्वारी आहे ना तुमची?"

"ज्वारी कराडलाबी खपती. उंब्रजलाबी खपती."

"मग इतके दिवस एवढ्या लांब कशाला येत होता?"

मल्हारचे कान तांबडे झाले. तो काचेकडेच बघत राहिला. "ती चादर काचंवर बसल्यापास्नं... दुसरा रस्ताच दिसंना झालाय."

अबोलीनं तोंड उघडलं, आणि मेल्या यंत्रानं घंटा वाजवली.

दार उघडलं. आत गेलं होतं गडीमाणसाच्या मापाचं घोंगडं. बाहेर आलं ते टॉवेलाएवढं! लोण्यासारखं मऊ, भाकरीसारखं जाड. टाके तेवढे जागच्या जागी.

"आईनं आपल्या मेंढरांच्या लोकरीचं केलंतं..." मल्हार पुटपुटला.

अबोलीचे डोळे भरले. चिमुकली घडी त्यानं शर्टाच्या आत ठेवली आणि तसाच पावसात निघून गेला.

सोमवारी टेम्पो आला नाही. गुरुवारी नाही. पुढच्या सोमवारीही नाही. अबोली वेणी घालायची विसरली. चूक झाली म्हणायचं राहिलं, आणि दुसरंही एक राहिलं...

त्यानंतरच्या गुरुवारी, यंत्राच्या पंधराव्या दिवशी, दारात ओळखीचा हॉर्न वाजला. टेम्पोतून आधी उतरली ती मल्हारची आई, सुलाबाई. दोन टेकड्यांपलीकडच्या मेंढराला हाक मारणारा आवाज, आणि हातात ते घोंगडं!

"हे कुणी धाडलं?"

अण्णा हात जोडून पुढे झाले. "बाई, चूक झाली..."

"चूक कसली? आमच्यात पोराची माणसं पोरगी बघाय जात्यात. तुमच्या साताऱ्यात पोरगीच आधी पाळण्यातलं घोंगडं धाडती! लय फुडं गेलासा गड्यांनो! ह्याला इच्यारलं तर नुसता हासतोय. मग हा लाल दोरा घावला. म्हणलं, पोरीनं खूणबी घातलीया. आता बघून आल्याबिगर जीव र्‍हाईना."

"आवं, तसं नाही, ते यंत्र..." अण्णा बोलायला लागले.

अबोलीनं टेम्पोकडे पाहिलं. मल्हार स्टिअरिंगमागे बसला होता, डोळे तिच्यावर, श्वास रोखून. यंत्राचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं!

"तूच धाडलंस न्हवं, पोरी?"

यंत्राकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तरी सगळा गैरसमज तिथंच मिटला असता. अबोली दोन पावलं मागे सरकली आणि त्या गोल काचेला पाठ लावून उभी राहिली. काच पार झाकली गेली.

"व्हय," ती म्हणाली. "मीच धाडलं."

अण्णांचा आ वासला तो वासलाच. टेम्पोचा हॉर्न मात्र एकटाच वाजायला लागला. मल्हारचं कपाळ त्यावर टेकलं होतं म्हणे.

अण्णांनी आठवडाभर जातपात, लांब-जवळ असं पुटपुटून पाहिलं. पण सुलाबाईंच्या आवाजापुढे साताऱ्याचा पाऊस हटला, तिथं अण्णा काय टिकणार? यंत्र कॅप्टनकडे परत गेलं, टेम्पो चालू राहिला.

आणि दोन वर्षांनी, ऐन श्रावणात, पाळण्यात ते घोंगडं बरोब्बर मापाला आलं.