फाटकापुढची लेझीम

तळ्याकाठच्या बागेचं फाटक फार सभ्य होतं. ते कधी कुणाला 'नाही' म्हणत नसे. पसंतीची पावलं दिसली की काचेची दोन्ही दारं गुपचूप बाजूला सरकायची आणि एक गोड आवाज यायचा, "या, सुप्रभात!" नापसंत पावलं दिसली की तोच गोड आवाज म्हणायचा, "कृपया थोडं थांबा."

चैताली विटकर गेलं वर्षभर थोडं थांबत होती.

ना किल्ली, ना कार्ड, ना चेहरा दाखवायची भानगड. तळेगिरीतली सगळी सार्वजनिक दारं आता माणसाची चाल ओळखायची. गुडघा किती वाकतो, आधी टाच टेकते की चवडा, हात किती झुलतो, हे सगळं अंगठ्याच्या ठशासारखं ज्याचं त्याचं वेगळं. कॅमेरा ते लांबूनच वाचणार, माणूस कोण ते ठरवणार आणि त्याचा 'विश्वासांक' बघणार. आठवीत विज्ञानाच्या बाईंनी हा धडा इतका रंगवून शिकवला होता की चैतालीने वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या.

विश्वासांक ठरतो कसा, ते मात्र धड्यात नव्हतं. तो ठरायचा जुन्या तक्रारींवरून. आणि पाथरवट वस्तीच्या नावावर तक्रारींचा ढीग! पणजोबांच्या काळापासून गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पहिलं बोट वस्तीकडे. यंत्राला तो ढीग खाऊ घातला, आणि यंत्र बिचारं हुशार, तेही बोट दाखवायला शिकलं. वस्तीतल्या कुणाचीही चाल ओळखली, की थोडं थांबा.

एरवी चैतालीला बागेचं इतकं काही वाटलं नसतं. पण यंदा प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम बागेत होता आणि शाळेचं लेझीम पथक तिथे खेळणार होतं. पथकाची पुढारी कोण? चैताली!

"चैताली, तुम्ही वस्तीतल्या सात जणी... म्हणजे बघ, पुढच्या वर्षी बघू," लेझीम शिकवणारे शिंगटे सर म्हणाले.

"सर, पुढारी मी आहे."

"माहीत आहे गं." सर खाली मान घालून हलगी शेकत बसले. हलगी केव्हाच तापली होती.

त्याच संध्याकाळी एक मजा झाली. सराव संपला आणि चैतालीची मैत्रीण नाझनीन पाणी प्यायला बागेकडे निघाली. दोन तास लेझीम खेळल्यावर पाय काही लगेच माणसात येत नाहीत. नाझनीन अर्धवट वाकत, कंबर झुलवत, मनातल्या मनात एक-दोन, एक-दोन करतच फाटकापुढे पोचली.

"कृपया थोडं थांबा."

"मला?" नाझनीन किंचाळली. "ए फाटका, माझा विश्वासांक ब्याण्णव आहे!"

पोरी हसून हसून मैदानात लोळल्या. यंत्राला तिची चाल ओळखूच येत नव्हती, आणि ज्याची चाल ओळखू येत नाही त्यानेही थांबायचं, असा नियम होता. नाझनीनही हसली. मग हसता हसता तिचा चेहरा उतरला.

"चैते, मागून लोक येत होते ना, ते माझ्याकडे असे बघायला लागले... जसं काही मी काहीतरी केलंय. तुला रोज असं वाटतं?"

"रोज," चैताली म्हणाली.

नाझनीनने लेझीम उचलली आणि एकदा खळकन वाजवली. "मग सव्वीसला मी अशीच येणार. खेळत."

"वेडी आहेस का? तुला आत जाता येतं, तू जा की!"

"नाही जायचं मला. तू बाहेर आणि मी आत, मग तिथे काय माशा मारू? पुढारी कोण आहे आपली?"

आता हे ऐकून कुणाला रडू येईल, पण चैतालीला इतका आनंद झाला की तिने नाझनीनच्या पाठीत धपाटाच घातला. आणि मग तिने पथकाला जमवून पुढारपण दाखवलं. "ज्यांना यायचं त्यांनीच या. जबरदस्ती नाही. फाटकाला कुणी हात लावायचा नाही. कुणी शिव्या दिल्या तर परत द्यायच्या नाहीत. अगदीच राहवलं नाही तर लेझीम जोरात वाजवा."

सव्वीस जानेवारीला, कोवळ्या उन्हात, अख्खं पथक फाटकापुढे आलं. एकही पोरगी मागे राहिली नव्हती. फक्त हलगी नव्हती, कारण शिंगटे सर रस्त्याच्या पलीकडे हलगी काखेत धरून नुसते उभे होते.

"एक-दोन-तीन-चार!" चैताली ओरडली.

"कृपया थोडं थांबा," फाटक म्हणालं. पोरी थांबल्या, म्हणजे जागच्या जागी खेळत राहिल्या. मागे पाहुण्यांची रांग वाढत गेली. सगळ्यात पुढे हास्यक्लबवाले.

"पोरींनो, बाजूला व्हा!" देवस्थळी आजोबा रागाने लाल झाले होते. "आमची हसायची वेळ झाली!"

"आजोबा, इथेच हसा की!" नाझनीन म्हणाली.

तेवढ्यात फाटकाचे व्यवस्थापक बारटक्के टॅब्लेट घेऊन धावत आले. "हे काय चाललंय? सरळ चाला! ज्यांची चाल जुळणार नाही, त्यांचा विश्वासांक आजपासून निम्मा! वाचनालय बंद, बस बंद, पोहण्याचा तलाव बंद!"

लेझमांचा आवाज एकदम पातळ झाला. हे काही गमतीचं नव्हतं. नाझनीन रोज बसने शिकवणीला जायची. चैतालीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नाझनीनची लेझीम खाली आली होती.

"नाझे, जा तू. खरंच. मी कट्टी नाही घेणार."

नाझनीन बारटक्क्यांकडे वळली. "बारटक्के काका," ती म्हणाली, "निम्मा म्हणजे शेहेचाळीस ना? लिहा." आणि अशी वाकून लेझीम वाजवली तिने, की पक्षी उडाले.

मग एकामागून एक पोरी ओरडायला लागल्या. "माझाही लिहा!" "काका, माझं नाव घेतलंत का?" बारटक्क्यांची बोटं टॅब्लेटवर गोंधळून गेली. आणि रस्त्याच्या पलीकडून हलगी कडाडली. शिंगटे सर! डोळे भरून आले होते, पण ताल एवढासुद्धा चुकत नव्हता.

हलगी वाजल्यावर कुणाचे पाय ऐकतात? वस्तीतल्या बाया आल्या, रांगेतले पाहुणे आले. देवस्थळी आजोबा आपले दुखरे गुडघे धरून फाटकापुढे असे काही नाचले की फाटक त्यांना लागोपाठ तीनदा "थोडं थांबा" म्हणालं. आजोबा खो खो हसत सुटले. "वीस वर्षं हास्यक्लबात आहे," ते धापा टाकत म्हणाले, "खरं हसू आज आलं!"

अशात नगरपालिकेच्या मुख्याधिकारी कर्णिक मॅडम आल्या. झेंडा त्यांनीच फडकवायचा होता. गर्दीने वाट दिली. मॅडम घाईघाईत सरळ चालत गेल्या. "या, सुप्रभात!" दारं उघडली. मॅडम आत गेल्या आणि थबकल्या. आत रिकाम्या खुर्च्या, बाहेर सगळं गाव.

दारं अजून उघडीच होती. मागून कुणीतरी म्हणालं, "चैताली, पळ! घुसू या!" दोनच उड्या मारायच्या होत्या. चैतालीने लेझीम डोक्यावर उंच धरली. थांबा. एक पाऊलही कुणी पुढे टाकलं नाही.

"उघडंच आहे की, या ना आत!" मॅडम म्हणाल्या.

"ते तुमच्यासाठी उघडलंय, मॅडम," चैताली म्हणाली. तिचं काळीज हलगीपेक्षा जोरात वाजत होतं, आवाज मात्र खणखणीत निघाला. "आमच्यासाठी उघडलं की येतो."

मॅडमनी मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. मग बाहेर आल्या. "बारटक्के, वस्तीच्या त्या जुन्या तक्रारी काढून टाका त्यातून. आणि आज कुणाचा अंक कमी झालाय तो परत करा."

"आजच्यापुरतं ना, मॅडम?"

मॅडमनी चैतालीकडे पाहिलं. चैताली पापणीसुद्धा न हलवता बघत होती. "आजच्यापुरतं नाही. रोजचं. लेखी देते मी, झेंड्याखाली उभी राहून. सगळ्यांना आत जाऊ दे."

बारटक्क्यांनी टॅब्लेट दाबला. मग चैतालीने लेझीम खाली केली आणि आपल्या नेहमीच्या चालीने, जराशी उड्या मारत, फाटकाकडे गेली. दारं सरकली. आत तळं लखलखत होतं. इतकं मोठं आहे, हे ती वर्षभरात विसरूनच गेली होती!

मागे बारटक्के डोकं खाजवत उभे होते. "पण मॅडम," ते अगदी मनापासून म्हणाले, "सगळ्यांनाच आत सोडायचं, तर मग ह्या फाटकाने ओळखायचं तरी कुणाला, आणि कशासाठी?"

चैताली उंबरठ्यावरून वळली. तिला हसू आवरत नव्हतं.

"काका, हे तुम्ही फाटक बसवायच्या आधी का नाही विचारलंत?"